खारीचा वाटा आणि सिंहाचा वाटा

मनुष्य मनुष्याला कशानें मोजतो, हा प्रश्न तत्त्ववेत्त्यांनीं पुष्कळ घोळला आहे. पण त्याचें उत्तर त्यांच्या ग्रंथांत शोधण्यापेक्षां आपल्या रोजच्या बोलण्यांत शोधावें, असें मला वाटतें. कोणी मोठा वाटला म्हणजे आपण त्याला 'बडें प्रस्थ' म्हणतों. कोणी लहान वाटला म्हणजे 'त्याला कोण विचारतो!' असें म्हणून मोकळे होतों. असे शब्द तोंडांतून निघतांना आपण फारसा विचार करीत नाहीं, आणि म्हणूनच ते आपल्या मनाची साक्ष खरी देतात. मोठेपणा आणि क्षुद्रपणा दाखविणाऱ्या अशा कांहीं इंग्रजी वाक्प्रचारांचा आज आपण परामर्श घेऊं, आणि त्यांच्या शेजारीं आपले मराठी वाक्प्रचार ठेवून पाहूं.

इंग्रजी भाषा आपल्या घरांत शाळेच्या वाटेनें आली. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर कैक पिढ्यांनीं ती गिरवली. शब्द एका भाषेंतून दुसरींत नेतां येतो; वाक्प्रचार मात्र जागचा उपटला कीं सुकतो, हा अनुभव त्या पिढ्यांना पदोपदीं आला असेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेंच. परंतु मुलांना इंग्रजी शिकवण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. 'ही इज अ बिग गन' या वाक्याचें 'तो एक मोठी तोफ आहे' असें भाषांतर वर्गांत झालें म्हणजे मुलें हंसत. तेव्हां मी त्यांना विचारीत असें, "हंसतां कशाला? भरसभेंत गर्जणाऱ्या वक्त्याला आपण मुलूखमैदान तोफ म्हणतोंच ना?" १५४९ सालीं अहमदनगरास ओतलेली आणि पुढें विजापूरच्या बुरुजावर चढलेली ती तोफ आज थंड पडून आहे, मराठी बोलण्यांत मात्र तिचे बार अजून निघतात. फरक इतकाच कीं, इंग्रजांची तोफ अधिकार दाखविते आणि आपली तोफ आवाज दाखविते.

इंग्रजींत बड्या माणसाला 'बिगविग' म्हणतात. विग म्हणजे केसांचा टोप. सतराव्या आणि अठराव्या शतकांत युरोपांतील सरदार, न्यायाधीश, धर्माधिकारी असे टोप घालीत. टोप जितका मोठा तितका महाग, आणि जितका महाग तितका घालणारा प्रतिष्ठित. पुढें टोपाची चाल मोडली, शब्द राहिला. आपल्याकडे शिरपेच आणि मानाचा तुरा यांचीही हीच गोष्ट आहे. तुरा खोवावयास आज डोक्यावर पागोटें नसतें, तरी परीक्षेंत पहिल्या आलेल्या मुलीनें 'शाळेच्या शिरपेचांत मानाचा तुरा खोवला' असें आपण लिहितोंच. डोकें कसेंही असो, डोक्यावर काय आहे तें पाहून माणसाची पारख करण्याची रीत उभयपक्षीं सारखीच दिसते.

मोठेपणाचे कांहीं शब्द तर इंग्रजांनीं आपल्या देशांतूनच नेले. नबाबाचा त्यांनीं 'नेबॉब' केला. कंपनीच्या नोकरींत गबर होऊन विलायतेस परतलेल्या गोऱ्यांना अठराव्या शतकांतील इंग्रज हंसून नेबॉब म्हणत. त्यांच्यावर सॅम्युएल फूट याचें त्याच नांवाचें नाटक १७७२ सालीं रंगभूमीवर आलें. मोगल बादशहांवरून आलेला 'मोगल' आज सिनेमाच्या आणि वर्तमानपत्रांच्या धन्यांना लावतात. पंडिताचा 'पंडिट' झाला आणि तो निवडणुकीचे निकाल आधींच सांगूं लागला. 'बिग चीज' या बोलींतील 'चीज' म्हणजे खाण्याचें चीज नव्हे, आपली हिंदुस्थानी 'चीज', म्हणजे वस्तु, असें मत १८८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या हॉब्सन-जॉब्सन या कोशांत मांडलेलें आहे.

याच्या उलट एक सावधगिरीची गोष्ट. 'आय डोंट केअर अ डॅम' यांतील डॅम म्हणजे मोगलांचें तांब्याचें नाणें 'दाम' होय, अशी व्युत्पत्ति आपल्याकडे मोठ्या हौसेनें सांगतात. इंग्रजी कोशकार ती मान्य करीत नाहींत. तो शब्द निव्वळ शापाचाच आहे. आपल्या भाषेचा अभिमान असावा, पण दुसऱ्याच्या शिव्यांवर तरी आपण हक्क सांगूं नये!

आतां क्षुद्रपणाकडे वळूं. मोठेपणाचे शब्द दरबारांतून आणि रणांतून आलेले आढळतात, तर क्षुद्रपणाचे शब्द बहुतेक बाजारांतून आलेले आहेत. इंग्रज म्हणे, 'नॉट वर्थ अ फार्दिंग'. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. तें नाणें १९६० च्या अखेरीस इंग्लंडांत बाद झालें. आपला हिशेब याहून बारीक होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. शिवाय दमडी, छदाम आणि अगदीं तळाशीं कवडी. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, आणि आणे-पै यांचा हळूहळू अस्त झाला. तरी पैपैचा हिशेब आपण अजून ठेवतों, सोळा आणे खरें अजून बोलतों, आणि एखाद्यावर संतापलों म्हणजे त्याला दीड दमडीचा ठरवून मोकळे होतों. नाणें बुडालें, पण त्याच्या नांवानें केलेली तुच्छता चलनांत राहिली.

येथें थोडें थांबून विचार करण्यासारखें आहे. फुटक्या कवडीची किंमत नाहीं, असें कोण म्हणतो? ज्याच्या कसेंत रुपये आहेत तो. कवडी म्हणजे समुद्रांतील एका लहानशा प्राण्याचें कवच. मालदीव बेटांतून तीं गलबतें भरून येत, आणि बंगाल-ओरिसांत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गोरगरिबांचा रोजचा बाजार तिच्यावर चाले. मीठ-मिरची तिनें मिळे. ज्या नाण्यानें गरिबाची चूल पेटते, तेंच श्रीमंताच्या जिभेवर क्षुद्रपणाची उपमा होऊन बसतें. वाक्प्रचार हे पुष्कळदां वरच्या माडीवरून खालीं पाहून बनविलेले असतात, ही गोष्ट आपण ध्यानांत ठेवूं. पुढें ती उपयोगीं पडणार आहे.

नांवांचीही तीच कथा. 'एव्हरी टॉम, डिक अँड हॅरी' म्हणजे कोणीही सोम्यागोम्या. टॉमस, रिचर्ड आणि हेन्री यांचीं हीं घरगुती रूपें. इंग्लंडच्या गादीवर रिचर्ड नांवाचे तीन आणि हेन्री नांवाचे आठ राजे होऊन गेले. पण नांव आखूड झालें आणि राजाचा रस्त्यावरचा माणूस झाला. मराठींत हें काम एक 'या' करतो. रामाला 'या' लावला कीं राम्या, सोमाला लावला कीं सोम्या. उलट 'जी', 'राव', 'पंत' लावले कीं तोच मनुष्य पाटावर जाऊन बसतो. माणूस तोच, उंची तीच; एका प्रत्ययानें तो चढतो आणि एका प्रत्ययानें उतरतो. बरोबरीच्या मित्रानें प्रेमानें मारलेली 'राम्या' ही हांक गोड लागते. तीच वरच्यानें खालच्याला मारली म्हणजे चाबकासारखी लागते. शब्दाची किंमत शब्दांत नसून तो कोण कोणाला बोलतो यांत असते, याचा हा पहिला दाखला.

उसना मोठेपणा मिरविणाऱ्याविषयीं मात्र दोन्ही भाषांची जीभ सारखीच तिखट आहे, आणि तिथें ती असावीही. चार पैसे किंवा एखादें पद मिळतांच जो ताठतो त्याच्याविषयीं इंग्रज म्हणतो कीं, याला आतां याचे बूट पुरेनासे झाले. आमच्या सांगलीला यासाठीं दूर जावें लागत नाहीं. येथील हळदीचा बाजार देशभर नांवाजलेला. सांगलीच्या हळदीला २०१८ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. येथें मणांनीं हळद विकणारा व्यापारी पांढऱ्या सदऱ्यांत शांतपणें बसलेला असतो. आणि ज्याला एक सबंध हळकुंडही मिळालेलें नाहीं तो 'अर्ध्या हळकुंडानें पिवळा' होऊन गांवभर हिंडतो! ही म्हण समजावून देण्यास मला वर्गांत कधीं फळ्याची गरज लागली नाहीं.

लहान तळ्यांतला मोठा मासा, ही इंग्रजांची उपमा. आपण त्याला 'वासरांत लंगडी गाय शहाणी' किंवा 'ओसाड गांवीं एरंड बळी' म्हणतों. क्षुल्लक कारणावरून माजलेल्या गदारोळाला आपण हल्लीं 'पेल्यांतील वादळ' म्हणतों, तें मात्र मूळचें आपलें नव्हे. तें इंग्रजी चहाच्या पेल्यांतून आलें. फार पूर्वीं रोमन वक्ता सिसेरो यानें हेंच वादळ पळींत उठविलें होतें. चहा नव्हता तेव्हां पळी होती. भांडीं बदललीं, भांडणें राहिलीं. 'टिनपाट' हा शब्दही असाच इंग्रजी 'टिनपॉट'वरून आला आणि इतका मुरला कीं, तो परका आहे हें सांगितल्याशिवाय कळत नाहीं. म्हणजे परक्या वाक्प्रचाराशीं आपलें वैर नाहीं. तो आपल्या मातींत रुजला पाहिजे, एवढेंच.

आतां मी आजच्या मुख्य विषयाकडे येतों. क्षुद्र ठरविण्यासाठीं जे दाखले भाषेनें निवडले आहेत, ते जवळ जाऊन पाहिले तर ते खरोखर क्षुद्र आहेत काय?

'तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाहीं', असें आपण म्हणतों. पासंग म्हणजे काय, हें आजच्या मुलांना ठाऊक नसतें. कारण बाजारांत आतां विजेवर चालणारे काटे आले. जुन्या तराजूचीं दोन पारडीं क्वचितच सारख्या वजनाचीं असत. जें पारडें हलकें, त्याला एखादा दगडाचा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून तराजू समतोल करीत. तो तुकडा म्हणजे पासंग. फारशी भाषेंत संग म्हणजे दगडच. पासंग मालांत मोजला जात नाहीं, वजनांत मोजला जात नाहीं, त्याचें मोल कोणी विचारीत नाहीं. म्हणून तो क्षुद्र! पण तो काढून घ्या, म्हणजे सबंध पेठेचा व्यवहार खोटा ठरतो. मणाचें माप खरें करणारा तो चिमूटभर तुकडाच असतो.

इंग्रजींत याच अर्थीं म्हणतात, 'ही कॅनॉट होल्ड अ कँडल टु हिम'. अमक्यापुढें मेणबत्ती धरण्याचीही याची योग्यता नाहीं. विजेचे दिवे नव्हते तेव्हां कारागीर रात्रीं काम करी आणि त्याचा उमेदवार शेजारीं मेणबत्ती धरून उभा राही. सर्वांत हलकें काम तें. पण त्या पोराचा हात थरथरला तर उस्तादाची छिन्नी कोठें बसेल, याचा विचार वाक्प्रचार बनविणाऱ्यानें केला नाहीं. शिवाय, मेणबत्ती धरतां धरतांच तो पोरगा काम पाहत असे आणि पुढें स्वतः उस्ताद होत असे.

नाटकाच्या भाषेंत इंग्रज लोक नगण्य पात्राला 'स्पिअर-कॅरिअर' म्हणतात, म्हणजे भालेकरी. राजाच्या मागें भाला धरून उभें राहावयाचें आणि एक शब्द बोलावयाचा नाहीं. आपल्याकडे हेच भालदार-चोपदार. ही उपमा सांगलीकरांना फार जवळची आहे. कारण ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं विष्णुदास भावे यांनीं श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें 'सीतास्वयंवर' याच नगरींत केलें. त्या आरंभींच्या नाटकांत सूत्रधार पदें म्हणून कथा पुढें नेई, आणि मागें साथीदार उभे असत. पुढें हरिपूरचे देवल आणि सांगलीचे खाडिलकर यांनीं त्या रंगभूमीला वैभवास नेलें. या सर्व नाटकांत राजे किती आणि भालदार किती, याचा हिशेब कोणीं ठेवला आहे? पण भालदार न ठेवतां राजाला एकट्याला सिंहासनावर बसवून पाहा. तो राजा वाटणार नाहीं. वाट चुकलेला पाहुणा वाटेल. राजाचें राजेपण भालदाराच्या उभें राहण्यांत असतें.

बुद्धिबळाचें प्यादें घ्या. इंग्रजींत 'पॉन' आणि मराठींत 'प्यादें'; दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ पायदळाचा शिपाई, आणि दोन्हींच्या मुळाशीं पाय आहे. दुसऱ्याच्या हातचें बाहुलें झालेल्या माणसाला इंग्रज पॉन म्हणतात, आपणही प्यादें म्हणूं लागलों आहोंत. भाऊसाहेब पडसलगीकरांनीं ज्या गांवाला बुद्धिबळाचें वेड लावलें, त्या सांगलींतील दहा वर्षांचें मूलही तुम्हांला सांगेल कीं, शेवटच्या घरांत पोंचल्यावर वजीर होण्याचा हक्क पटावर फक्त प्याद्याला आहे. हत्ती हत्तीच राहतो, घोडा घोडाच राहतो. आणखी एक गोष्ट : मागें फिरण्याची मुभा नसलेला पटावरचा एकमेव गडी तोच.

'अ कॉग इन द व्हील', चाकाचा एक दांता, हा यंत्रयुगानें दिलेला दाखला. १९१० सालीं माळावर वसलेल्या किर्लोस्करवाडीचा धूर ज्या जिल्ह्यानें पाहिला, त्याला दांत्याविषयीं काय सांगावें? दांता एकटा कांहीं करीत नाहीं हें खरें. पण तो एकटा मोडला तर चाक अडखळतें, आणि एका चाकापायीं सारा कारखाना थांबतो.

म्हणजे, श्रोतेहो, पासंग, मेणबत्तीवाला, भालदार, प्यादें आणि दांता असे पांच साक्षीदार भाषेनें क्षुद्रपणाची साक्ष देण्यास बोलावले; आणि उलटतपासणींत पांचांनींही साक्ष फिरवली! भाषेनें त्यांचा आकार पाहिला, काम पाहिलें नाहीं.

मग काम पाहणारा वाक्प्रचार आपल्याकडे आहे काय? आहे, आणि त्याच्याचसाठीं मी आज आपला वेळ घेतला. तो म्हणजे 'खारीचा वाटा'. पण त्याआधीं सिंहाच्या वाट्याची हकीकत पाहिली पाहिजे.

'द लायन्स शेअर', सिंहाचा वाटा, हा वाक्प्रचार इसापाच्या गोष्टींतून निघाला. सिंह इतर जनावरांना सोबत घेऊन शिकारीस गेला. शिकार मिळाली, तिचे चार वाटे झाले. पहिला वाटा त्यानें राजा म्हणून घेतला, दुसरा पराक्रमी म्हणून घेतला, तिसरा बलवान म्हणून घेतला, आणि चौथ्याला जो हात लावील त्याची धडगत नाहीं असें सांगितलें. रोमन कायदेपंडितांनीं, ज्या भागीदारींत सर्व नफा एकाचाच होतो तिला सिंहाची भागीदारी असें नांव ठेवलें आणि ती त्याज्य ठरविली. इंग्रजींत पुढें अर्थ थोडा सौम्य होऊन सर्वांत मोठा हिस्सा एवढाच राहिला. तरी तो हिस्सा घेण्याचाच. 'त्यानें नफ्याचा सिंहाचा वाटा उचलला', म्हणजे त्यानें जास्तींत जास्त लाटलें.

आतां खार. सेतु बांधला जात असतां वानर पर्वत आणून टाकीत होते. एक खार वाळूंत लोळे, अंगाला चिकटलेली वाळू सेतूवर झाडी आणि पुन्हां परत जाई. रामचंद्रांनीं तिच्या पाठीवरून बोटें फिरवलीं, त्याचे पट्टे अजून तिच्या पाठीवर आहेत. ही कथा वाल्मीकींच्या रामायणांत नाहीं. ती लोकांनीं रचली आणि आजींनीं नातवंडांच्या स्वाधीन केली. मला वाटतें, म्हणूनच ती अधिक मोलाची. पर्वत उचलणाऱ्यांच्या महाकाव्यांत आपल्यासारख्यांना जागा कोठें, असा प्रश्न सामान्य माणसांना पडला असावा, आणि त्यांनीं आपली जागा आपणच करून घेतली.

आतां गंमत पाहा. सिंहाचा वाटा इंग्रजीबरोबर मराठींत आला, आणि येथें त्याला ही खार भेटली. खारीचा वाटा हा घेण्याचा नसून देण्याचा. तिच्या शेजारीं राहून राहून सिंहाचा स्वभाव पालटला! आज मराठी माणूस म्हणतो, 'या वाचनालयाच्या उभारणींत अमुक गृहस्थांचा सिंहाचा वाटा आहे.' त्याचा अर्थ त्यांनीं वाचनालय गिळलें असा कोणीच करीत नाहीं. त्यांनीं सर्वांत अधिक झीज सोसली, असाच होतो. जो शब्द लाटण्याचा होता, तो मराठीच्या उंबरठ्याच्या आंत येतांच देण्याचा झाला. हें कोणा कोशकारानें केलें नाहीं, कोणा समितीनें ठरविलें नाहीं. हें बोलणाऱ्यांनीं केलें. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे १९४२ आणि १९४७ सालीं निघालेले दोन खंड चाळतांना मराठीची श्रीमंती डोळ्यांत भरते. पण एखादी भाषा किती श्रीमंत आहे यापेक्षां ती आलेल्या पाहुण्याला काय शिकविते, हें मला अधिक महत्त्वाचें वाटतें.

कोणी शुद्धिवादी म्हणतील कीं, हा तर चक्क चुकीचा प्रयोग. मूळ इंग्रजी अर्थ निराळा आहे. इंग्रजी लिहितांना मूळ अर्थच पाळावा, हें मीही मुलांना बजावीत आलों आहें. 'लायन्स शेअर' देण्याच्या अर्थानें परीक्षेंत लिहिला तर गुण जातील. परंतु मराठींत जो अर्थ रूढ झाला आहे, तो मला चुकीपेक्षां चांगल्या संस्काराचा नमुना वाटतो.

या दोन वाट्यांच्या वापराचा एक अलिखित नियम आहे, आणि तो आपण मोडीत चाललों आहोंत. खारीचा वाटा हा ज्याचा त्यानें आपल्या तोंडानें सांगावयाचा. सिंहाचा वाटा दुसऱ्यानें सांगावयाचा. देणगीचें पाकीट पुढें करतांना 'हा आमचा खारीचा वाटा' असें म्हणणें हा विनय. पण देणगी घेणाऱ्यानेंच 'आपण खारीचा वाटा दिलात' असें म्हणणें हा अपमान. तसेंच, 'या कार्यांत माझा सिंहाचा वाटा आहे' असें स्वतः म्हणणारा मनुष्य पुन्हां इसापाच्या गोष्टींत जाऊन बसतो. आजकाल सत्कारसमारंभांत आणि निमंत्रणपत्रिकांत ही उलटापालट सर्रास आढळते. अध्यक्षांचा वाटा सिंहाचा, असें अध्यक्षांच्या समोर त्यांचीच माणसें सांगतात; आणि सतरंज्या घालणाऱ्या, खुर्च्या वाहणाऱ्या मुलांनीं 'खारीचा वाटा उचलला' असें व्यासपीठावरून जाहीर होतें. त्या मुलांनीं स्वतःला खार म्हणावें. आपण त्यांना तसें म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणीं दिला?

आभारप्रदर्शनाच्या शेवटीं येणारें 'लास्ट बट नॉट द लीस्ट' हें इंग्रजी शेपूटही असेंच. शेवटचा, पण कमी महत्त्वाचा नव्हे, असें म्हणावयाचें आणि त्याला शेवटींच ठेवावयाचें! मीं एका शाळेच्या संमेलनांत पाहिलें आहे : पाहुण्यांपासून मंडपवाल्यापर्यंत सर्वांचे आभार मानून झाले, आणि तीस वर्षें शाळेची घंटा देणाऱ्या शिपायाचें नांव त्या यादींत कोठेंच नव्हतें. तो दाराशीं उभा राहून टाळ्या वाजवीत होता. शाळेचा तो पासंग. मालांत मोजला नाहीं, वजनांतही मोजला नाहीं.

आणि खारीचा वाटा किती मोठा असूं शकतो, तें आमच्या सांगलीनें डोळ्यांनीं पाहिलें आहे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलापाशीं धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ५७ फुटांच्याही वर गेलें. निम्म्या शहराच्या घरांत नदी शिरली. त्या दिवसांत आसपासच्या गांवांतून भाकरींचीं गाठोडीं आलीं. एका घरच्या चार भाकरी म्हणजे 'अ ड्रॉप इन द ओशन', आपल्या जुन्या भाषेंत 'दर्यामें खसखस'. हिशेबाच्या वहींत त्यांची गणना झाली नसेल. पण ज्यानें गच्चीवर रात्र काढली, त्याला त्या चार भाकरींतल्या अर्ध्या भाकरीचें वजन विचारा. समुद्राच्या दृष्टीनें थेंब क्षुद्र असेल. तहानेच्या दृष्टीनें नाहीं. मापणारा कोण आणि कोठें उभा राहून मापतो, यावर सारें अवलंबून असतें.

शेवटीं घरांतल्या एका वाक्प्रचाराविषयीं सांगून पुरें करतों. मुलें खेळतांना अगदीं लहान भावंडाला 'कच्चा लिंबू' करतात. त्याला बाद करीत नाहींत, त्याच्यावर राज्य येत नाहीं. पण त्याला खेळांतून घालवून देत नाहींत, ही गोष्ट मला फार लोभस वाटते. क्षुद्र म्हणून हांकलण्याऐवजीं लहान म्हणून सामावून घेणारा हा शब्द मुलांनीं घडविला आहे. मात्र तोच शब्द आपण वडील माणसें पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला लावतों. पाहुण्यांदेखत 'आमचा धाकटा अगदींच कच्चा लिंबू' असें सहज बोलून जातों, आणि शेजारच्या हुशार मुलाच्या 'पासंगालाही पुरणार नाहीं' अशी वर जोड देतों. बोलणारा विसरतो, ऐकणारा विसरत नाहीं. शेवटच्या बांकावर बसणारीं पुष्कळ मुलें मीं पाहिलीं. गणित न आल्यामुळें मागें राहिलेलीं त्यांत थोडीं; 'माझी काय गणती!' हें घरूनच पाठ करून आलेलीं अधिक. गणित शिकवतां येतें. हें पाठांतर पुसण्यास मात्र वर्षेंच्या वर्षें लागतात.

तेव्हां, श्रोतेहो, मोठ्या माणसाला मोठें म्हणण्यास आपल्याजवळ शब्द भरपूर आहेत, देशी आहेत आणि विलायतीही आहेत. त्यांची चिंता नको. लहान म्हणून ज्याला आपण शब्द वापरतों, त्याच्या बाबतींत मात्र जिभेवर येणारा दाखला क्षणभर तपासून पाहावा. तो पासंगाचा असेल, तर आपला तराजू कशानें खरा राहिला हें आठवावें. तो प्याद्याचा असेल, तर पट अजून संपलेला नाहीं हें ध्यानांत असूं द्यावें. आणि कोणाला खार म्हणण्याचा मोह झालाच, तर तो मान प्रथम आपण घ्यावा. सिंहाला देण्यास शिकविणाऱ्या भाषेचे आपण वारस आहोंत; आपल्या बोलण्यांतून त्या भाषेचें शील ढळूं नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतों.